चाल वापस नाही

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी गच्चीवरचे, जिन्याखालचे कूलर बाहेर निघतात. गेल्या वर्षीची पांढरी पडलेली ताटी फेकायची, नवा वाळा भरून आणायचा, पंप पाणी चढवतो की नुसताच गुरगुरतो ते बघायचं. मग पहिल्यांदा पाणी सुटलं की घरभर ओल्या गवताचा वास पसरतो आणि आपण म्हणतो, चला, उन्हाळा आला. आमच्या प्रताप नगरच्या घरात या वासाबरोबर आणखी एक गोष्ट येते. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, कोणीतरी उठतं आणि चांगला चालता कूलर बंद करतं. शेजाऱ्यांना हे वेड वाटतं. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी कूलर बंद ठेवणारा माणूस एक तर कंजूस असतो, नाही तर त्याच्या घरची लाइट गेलेली असते. आम्ही दोन्हींत मोडत नाही. आमच्याकडे कूलर बंद झाला की बुद्धिबळाचा डाव सुरू होतो.

परवा यंदाचा कूलर बसवला. कारागीर वाळा ठोकत होता आणि मला तो उन्हाळा आठवत होता, ज्यात मी आणि आई एका बुद्धिबळाच्या प्रोग्रामवरून कडाकडा भांडलो. भांडणाचा विषय सांगितला तर लोक हसतात. प्रोग्रामात कुठल्या सेटिंग ठेवायच्या आणि कुठल्या नाही, एवढाच तो विषय होता. पण त्या उन्हाळ्यात आमच्या घरात याहून मोठा विषय नव्हता.

पोटासाठी मी दुसऱ्यांचे प्रोग्राम लिहिते. सगळे कंटाळवाणे, पगार मात्र वेळेवर. हा एकच मी स्वतःसाठी लिहिला होता आणि त्याचं नाव साधं ठेवलं होतं, ‘डाव’. राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती, प्यादं, सगळं मराठीत. खेळायचाही बरा. सेटिंगच्या बाबतीत माझं मत तेव्हाही कडक होतं. सेटिंग म्हणजे लिहिणाऱ्याने टाळलेला निर्णय. मला ठरवता आलं नाही, तुमचं तुम्ही बघा, असं म्हणण्याची ती सभ्य रीत आहे. भाजीत मीठ किती टाकू, असं पाहुण्याला विचारणारी सुगरण मी तरी पाहिलेली नाही. पण मत कडक असलं तरी हात सैल असतात. पटाचा रंग, मोहऱ्यांचा आवाज, घड्याळ, सोपं-कठीण, मदतीचा इशारा, चाल परत घेण्याची सोय असं एकेक करत माझ्याही पडद्यावर खंडीभर चौकोन जमा झाले होते. टिचकी मारा, सुरू. टिचकी मारा, बंद.

त्यातली एक सेटिंग मात्र मी पहिल्या दिवसापासून अभिमानाने ठेवली होती. नियम : देशी किंवा आंतरराष्ट्रीय. ती आईसाठी होती. आई मौद्याची. आज मौद्याकडे निघालं की गावाआधी वीज केंद्राची धुराडी दिसतात, पण आईच्या लहानपणी गावाची खूण म्हणजे आजोबांचं धान्याचं दुकान होतं. दुकानाच्या ओट्यावर दिवसभर पट मांडलेला असायचा. तिथले नियम देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार. राजा-हत्तीचा किल्लेकोट नाही, पण राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. आणि प्याद्याने मात केली तर तिचा मान सगळ्यांत मोठा. वजिराने कोणीही मात करील, प्यादेमात करून दाखवा, असं म्हणत लोक जिंकत आलेला डाव लांबवायचे आणि कधी कधी त्या हव्यासापायी हरायचेही. आणखी एक नियम तिथे देवाच्या शपथेसारखा होता : हात लावला ते मोहरं चालायचं. आई त्या ओट्यावर वाढली. पुढे शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, पण स्वभाव ओट्यावरचाच राहिला.

त्या वर्षी थंडीत आईला अर्धांगाचा झटका आला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात राहून ती घरी परतली तेव्हा डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. ते खरंच होतं. डोकं जागच्या जागी, पाढे तोंडपाठ, माझ्या चुका काढणं पूर्ववत. फक्त उजवा हात थरथरायचा आणि शब्द उशिरा यायचे. शब्द तिला माहीत असे, तो निघालेलाही असे, पण ओठांपर्यंत यायला वेळ लागे. आणि तेवढा वेळ जगात कोणाकडे नव्हता. ती “च” म्हणाली की मी चहा आणायची. तिला चष्मा हवा असायचा. दोन-चारदा तिने मान हलवून नाही म्हटलं, नंतर नंतर आणलेला चहा ती मुकाट्याने पिऊ लागली. नातेवाईक तर तिची वाक्यं पुरी करण्यात पटाईत झाले होते. प्रेमानेच करायचे सगळे. तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, यांना जास्तीत जास्त बोलतं करा. पण बोलणार कशी? तोंड उघडलं की समोरचा वाक्य हिसकावून न्यायचा. हळूहळू तिने बोलणंच सोडलं.

शेजारचे लांजेवार काका आईचे जुने प्रतिस्पर्धी. वीज खात्यातून निवृत्त, गालात कायम तंबाखूचा खर्रा, आणि हरले की दोन दिवस आमच्या घराकडे न बघणारे. आजारपणानंतर ते पट घेऊन आले आणि हरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरले, तेही हसत हसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपला हत्ती आईच्या उंटाच्या तोंडी आणून ठेवला तेव्हा आईने डाव्या हाताने पट मिटला. चहाला येत जा, पण पट आणू नका, असं तिने त्यांना सांगितलं. सांगायला तिला बराच वेळ लागला आणि काकांनी मधेच “समजलं, समजलं, थकल्या तुम्ही” म्हणून ते वाक्यही पुरं करून टाकलं.

त्यानंतर ती टॅब मांडीवर घेऊन ‘डाव’ खेळू लागली. मला बरं वाटलं, वेळ जातो म्हणून. एकदा मी तिला म्हटलं की माणसांशी खेळायचं सोडून या डब्याशी काय खेळतेस. त्यावर ती जे बोलली ते मी आजवर विसरलेले नाही. आईची वाक्यं मी इथे सलग लिहिते आहे, ती तशी आली नव्हती. मधल्या जागा मोठ्या होत्या. त्या तुम्ही भरू नका.

“त्याले मालूम नाही ना वं, मी बिमार आहे ते.”

तेव्हा मला कळलं की मांडीवरचा तो टॅब वेळ घालवायला नव्हता. साऱ्या नागपुरात तिला पूर्वीसारखं वागवणारा, हातचं न राखता हरवणारा तो एकच उरला होता. आणि तो मी लिहिलेला होता. उद्या त्याच्याही डोळ्यांत कीव आली तर आई बुद्धिबळ सोडणार आणि बुद्धिबळाबरोबर बाकीचंही सोडणार, हे मला दिसत होतं.

हे दिसूनही मी काय केलं, तर लेकीने करावं तेच. आईचं बोट थरथरतं, भलत्याच मोहऱ्यावर पडतं, म्हणून ‘चाल परत घ्या’ या चौकोनावर टिचकी मारून ठेवली. तिने ते लगेच हेरलं. पडद्याच्या कोपऱ्यात उलटा बाण दिसला आणि तिचा चेहरा काकांचा हत्ती पाहिला तेव्हा झाला होता तसा झाला.

“हे कोणासाठी ठेवून राहिली?”

मी म्हटलं, सगळ्यांसाठी आहे, कॉलनीतली पोरं मागतात, तुला नको तर बंद ठेवू. ती म्हणाली, बंद नको, काढून टाक. मी म्हटलं, आई, सेटिंग आहे ती, ज्याला हवी तो घेईल, तुझं काय जातं? हे मी म्हणत होते. टाळलेला निर्णय वगैरे म्हणणारी मी. आई बराच वेळ शब्द जुळवत राहिली आणि पहिल्यांदाच मी मधे तोंड घातलं नाही, कारण रागाने माझं तोंड बंद होतं.

“दार असलं तं कोणी तरी उघडते. मी नाही उघडलं तं तू उघडशील. माझ्या मायेपायी उघडशील.”

वाद घालणं मला नवीन नाही. कंपनीत मी याहून फालतू गोष्टींसाठी तासन्‌तास वाद घातलेत. पण या वाक्यानंतर मी तिच्या मांडीवरचा टॅब उचलला. मी बाण काढला. सोबत मदतीचा इशारा गेला, सोपं-कठीण गेलं. ओट्यावरचा नियमही तिने घालायला लावला : बोट पडलं ते मोहरं चालायचं. मी घातला. आणि मग दोनच दिवसांनी ते झालं ज्याची मला भीती होती. आई चांगल्या डावात होती. उंट उचलायला गेली, बोट शेजारच्या वजिरावर पडलं. नियम म्हणजे नियम. वजीर चालावा लागला आणि समोरच्या घोड्याने तो खाल्ला. मी तिच्या मागे उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्या नाही. तिने डाव शेवटपर्यंत खेळून काढला, हरली, टॅब बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. बाहेर लू चालली होती आणि कूलरचा पंप मधूनमधून पाण्याबाहेर हवा ओढत होता. पंपाकडे बघायचं दोघींच्याही मनात आलं नाही.

कीव करायची नाही आणि हातही ऐकत नाही, यातून वाट मौद्याच्या ओट्याने काढली. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून बसलो होतो. मी सहज विचारलं की दुकान चालू असताना आजोबा खेळायचे कधी. आई म्हणाली, गिऱ्हाईक असलं की बाबा गादीवरून उठायचेच नाहीत. तराजू हातात, नजर काट्यावर, आणि तिथूनच ओरडायचे, घोडा, उंटाच्या तिसऱ्या घरी. ओट्यावर बसलेली छोटी आई ती चाल करायची. बोललेली चाल ही केलेली चाल. जीभ घसरली तरी तीच. खुद्द आजोबा एकदा गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालता घालता वजिराऐवजी हत्ती बोलून बसले आणि डाव हरले, पण शब्द मागे घेतला नाही. हे सांगताना आई हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तुझा डबा ऐकतो का?

डबा ऐकायला लागला. बोललेलं ओळखण्याची तयार सोय मिळते, ती मी जोडली आणि घरांची नावं मौद्याच्या पद्धतीची दिली. पहिल्याच दिवशी दोन अडचणी आल्या. एक, कूलरच्या घरघरीत त्याला काही ऐकू येईना. आईने खुणेने कूलर बंद करायला सांगितलं. तिथून आमची ती वेडी रीत सुरू झाली. घामाच्या धारा, मानेला ओला पंचा, समोर ताकाचा ग्लास आणि खोलीत एकदम शांतता. दुसरी अडचण मोठी होती. आई म्हणायची, “उंट…” आणि पुढचा शब्द येईपर्यंत प्रोग्राम म्हणायचा, समजलं नाही. म्हणजे सगळ्या नातेवाइकांत हा आणखी एक नातेवाईक. ऐकणं कधी संपवायचं, याचं माप त्यातच बसवलेलं होतं आणि ते तडतड बोलणाऱ्या माणसांच्या मापाचं होतं.

मी लगेच उपाय केला आणि मोठ्या तोऱ्यात आईला दाखवला. नवी सेटिंग, ‘किती थांबायचं’ : कमी, मध्यम, जास्त. तुझं ‘जास्त’वर ठेवलं आहे.

“अन् लांजेवारभाऊसाठी?”

मध्यम, मी म्हटलं.

“काहून? सगळ्याइले सारखंच थांबू दे ना वं.”

 एवढी साधी गोष्ट मला, हा धंदा करणाऱ्या बाईला, सुचली नव्हती. तिच्यासाठी वेगळं थांबलं तर ती मेहेरबानी. सगळ्यांसाठी थांबलं तर तो ओट्याचा नियम. मी ती सेटिंग पुसली आणि थांबण्याचं माप सगळ्यांसाठी आईचं ठेवलं. चटचट बोलणाऱ्याचं काही बिघडत नव्हतं, घर बोलून झालं की चाल लगेच व्हायची. ज्याला वेळ लागतो त्याला वेळ मिळायचा. त्या दिवशी मला आईचा जेवढा अभिमान वाटला तेवढा तिच्या निवृत्तीच्या समारंभात हार-तुऱ्यांच्या ढिगाऱ्यामागे तिला बघतानाही वाटला नव्हता. आणि खरं सांगायचं तर थोडा स्वतःचाही वाटला, कारण पुसणं लिहिण्यापेक्षा कठीण असतं.

आज ‘डाव’ बऱ्याच लोकांच्या फोनवर आहे. त्यात चौकोन दोनच आहेत. नियम देशी की आंतरराष्ट्रीय, आणि पट उजळ की गडद. दुसरा मी डोळे दुखणाऱ्यांसाठी ठेवला, त्याला आईनेही हरकत घेतली नाही. लोक लिहून विचारतात, चाल परत घ्यायची सोय कधी देणार? कोणी समजावतो, ताई, ऐच्छिकच तर ठेवायची, ज्याला नको तो वापरणार नाही. मी सगळ्यांना नम्रपणे नाही म्हणते. एकाने लिहिलं होतं की त्याचे वडील अडखळत बोलतात आणि हे पहिलंच यंत्र आहे जे त्यांना मधेच तोडत नाही, तर ती सेटिंग कुठे असते? मी त्याला कळवलं की ती सेटिंग नाही, तो स्वभाव आहे. हे वाक्य माझं नाही, आईला वाचून दाखवलं तेव्हा तिने सुचवलं.

आईचा हात अजून थरथरतो. शब्द पूर्वीपेक्षा लवकर येतात, पण त्यांना धक्का मारलेला तिला चालत नाही. “च” म्हणाली की मी आता जागची हलत नाही. कधी चष्मा येतो, कधी चादर, कधी चक्क “चूप बस”.

पण तो उन्हाळा आठवला की सगळ्यात जास्त आठवते ती एक दुपार. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता. लांजेवार काका चहाला आले आणि आईने टॅब दोघांच्या मधे ठेवून मला कूलरकडे बोट दाखवलं. दोन माणसांनी समोरासमोर बोलून खेळायचं, अशी सोय मी नुकतीच केली होती. काका संकोचले. मला म्हणाले की वहिनींना त्रास कशाला. मी कूलर बंद केला. काकांची पहिली चाल प्रोग्रामला समजलीच नाही, कारण गालात खर्रा होता. दुसऱ्यांदा सांगितली तरी समजली नाही. प्रोग्राम शांतपणे वाट बघत राहिला आणि आई त्याच्याहून शांतपणे. शेवटी काका उठून बाहेर गेले, तोंड रिकामं करून, चूळ भरून आले. अडखळणाऱ्या माणसाकडे जग कसं बघतं ते त्यांना बहुधा त्या मोरीपर्यंतच्या वाटेत कळलं असावं. परत आले ते सरसावून बसले आणि पूर्वीसारखे, हरायला न आलेल्या माणसासारखे खेळू लागले.

डाव लांबला. पंचे ओले झाले, ताक संपलं. काकांनी आईचा हत्ती मारला तेव्हा त्यांनी चोरून तिच्याकडे पाहिलं आणि ती खूश दिसली. बऱ्याच वेळाने काकांचा राजा कोपऱ्यात त्यांच्याच मोहऱ्यांमागे अडकला. मलाही दिसलं की वजिराने मात आहे. आई वजिराचं नाव घेईना.

“प्यादं…” ती म्हणाली.

पुढचा शब्द येईना. ओठ हलत होते. कूलर बंद होता, पंखा बंद होता, काही आवाज नव्हता. ते घर मला दिसत होतं, काकांनाही दिसत होतं. शब्द माझ्या जिभेवर येऊन थांबला होता. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी ओढणीचं टोक मुठीत धरून बसले. प्रोग्राम थांबला होता, काका थांबले होते, मी थांबले होते. आई कोणाकडेही बघत नव्हती, पटाकडे बघत होती.

“…घोड्याच्या… सातव्या घरी.”

प्यादं एक घर पुढे सरकलं. राजाला जायला जागा नव्हती. आई खुर्चीत मागे टेकली आणि एका दमात, स्पष्ट म्हणाली, “मात. प्यादेमात.”

काका पटावर वाकले. घरं मोजली, पुन्हा मोजली, कपाळावरचा घाम पुसला. मग अगदी गंभीर, काकुळतीला आलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, “वहिनी, एक चाल वापस घेऊ द्या ना. मले तं ते प्यादं दिसलंच नाही.”

मुद्दाम हरलेला माणूस चाल वापस मागत नसतो. हे मला कळलं त्याच क्षणी आईलाही कळलं. तिचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. तिने उत्तराची घाई केली नाही, आणि आम्ही दोघांनीही ते तिच्या तोंडातून काढून घेतलं नाही.

“तशी सेटिंगच नाही, भाऊजी,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “लाव वं पोरी आता कूलर.”